खोलीच्या तापमानाला

सुलभा वानखेडे गेल्याची बातमी कॉलेजच्या ग्रुपवर कळली. मग शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, मॅडमनी अर्धसंवाहकांवर छान सुरुवात केली होती, पण संसारात संशोधन मागे पडलं. पहिल्या रांगेत बसून मी मान डोलावली. दीड महिना झाला, त्या डोलावलेल्या मानेची चीड जात नाही. तिच्या कामात संसार आडवा आला नव्हता. मी आलो होतो.

हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमधल्या कामगाराची ही मुलगी माझीच विद्यार्थिनी, पुढे माझ्याच विभागात लागली. काचपट्टीवर शिशाच्या सल्फाइडचा पातळ थर चढवायचा, हे तिचं काम. द्रावणात काच उभी टांगायची आणि वाट पाहायची. वर्ध्याच्या मे महिन्यात थर धरायचाच नाही, तळाशी काळी भुकटी बसायची. द्रावण थंड ठेवायचं यंत्र मागूनही मिळालं नाही. तिने घरून मोठ्या तोंडाचा माठ आणला, त्याला ओलं पोतं गुंडाळलं आणि बीकर आतल्या पाण्यात ठेवला. थर असा आला की त्यात तोंड पाहावं. कुल्फी जमवते आहेस का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "चोवीस अंश, सर. तुमच्या कूलरले जमते का?"

शोधनिबंधावर माझं नाव पहिलं. विभागप्रमुखाचं असायचंच. छापायला देताना मी माठाची ओळ खोडली. लोक हसतील, वर्ध्यात माठात संशोधन करतात म्हणतील... त्या जागी लिहिलं, 'खोलीच्या तापमानाला'. आपली खोली त्रेचाळीसवर असते, असं ती एकदा म्हणाली. मला शिकवू नकोस, मी म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका विद्यापीठात कुणी तो प्रयोग त्यांच्या खोलीत केला. भुकटीच मिळाली. तक्रार आली, चौकशी बसली. आकडे बनवले का, असं समितीने तिला विचारलं. तिने माठाचं सांगितलं. एक सदस्य हसले आणि माझ्याकडे वळले. मी म्हणालो, असं काही आठवत नाही.

बाहेर व्हरांड्यात ती एवढंच म्हणाली, "सर, तुमाले आठवत नाई?"

प्रकल्प बंद झाला. नंतर शेवटपर्यंत तिने बीएस्सीची प्रात्यक्षिकं घेतली. पिपरी मेघेत दोन गल्ल्या सोडून राहत होतो, तरी मी तिच्या दारी गेलो नाही.

म्हणून इथे लिहून देतो: आकडे खरे होते, काम सगळं तिचं होतं, ओळ मी खोडली, आणि समितीपुढे मी खोटं बोललो. हेच कॉलेजला लेखी द्यायला गेलो, तर प्राचार्य म्हणाले, जाऊ द्या सर, आता मॅडमही नाहीत. ती नाही म्हणूनच तर प्राचार्यांना आणि मला सगळं सोपं झालंय!

कागद त्यांच्या टेबलावर ठेवून निघालो. वाटेत प्रयोगशाळेत डोकावलो. सिंदीहून येणारी एक मुलगी प्रयोग मांडत होती. रसायनाच्या बाटलीला हात लावायच्या आधी तिने थर्मामीटर पाहिला आणि वहीत आकडा लिहिला. हे कशाला, मी विचारलं.

"मॅडमनं लावून देल्ली सवय, सर. नुसतं 'खोलीच्या तापमानाला' असं लिहिलं तं सही नाई करत होत्या."

मी तिच्या वहीतला आकडा वाचला. तिने पुन्हा थर्मामीटर उचलला.