बॅरेकच्या जागेवरची इमारत

मागच्या गल्लीतल्या इमारतीचा स्लॅब कोसळला, त्या दिवसापासून मी घरात वर बघत चालायला लागले. आमच्या हॉलमध्ये पंख्याजवळ एक तडा होता. आधी केसाएवढा, पावसाळा संपेपर्यंत त्यात नख जाऊ लागलं. जेवताना ताटात सिमेंटचे पोपडे पडले की मी आणि नवरा ताटं उचलून दाराशी जाऊन बसायचो.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये ही इमारत होती. माझ्या लहानपणी तिथे बॅरेक होती, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी बांधलेली, लांबलचक, कौलारू. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं मधे गोणपाटाचे पडदे लावून तिच्यात राहिली. आमच्या वरच्या मजल्यावरची अम्मा अशीच आईच्या कडेवर बसून आलेली. माझे वडील इथल्या कारखान्यात लागले, तेव्हा या अम्मानेच आपली एक खोली त्यांना भाड्याने दिली. मी दहावीत असताना बॅरेक पाडली आणि तिथे पाच मजले चढले, इतके झटपट की शाळेतून येताना रोज इमारत उंच झालेली दिसे. तिच्यात घर मिळाल्याचा आम्हाला केवढा आनंद! कौलांतून पाणी गळायचं, पण डोक्यावरच्या कौलांची भीती कधी वाटली नव्हती.

इमारतीची मजबुती तपासायला, ऑडिटला आलेल्या इंजिनिअरने तळमजल्याच्या खांबावर हातोडी मारली. पोकळ आवाज आला. त्याने पुन्हा मारली नाही. "वर किती लोक राहतात?" एवढंच विचारलं. आठवड्याभरात नोटीस लागली: इमारत धोकादायक, ताबडतोब रिकामी करा. बिल्डरशी केलेल्या पुनर्विकासाच्या करारावर माझ्यासकट सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि लोक बाहेर पडू लागले. अम्मा मात्र हलेना.

"अम्मा, चला ना. मुलगी अंबरनाथला बोलावतेय तुम्हाला."

"बेटा, एक बार घर छोड़ा था. माझी आई म्हणायची, पंधरा दिवसांत परत जाऊ. गए क्या?"

"आणि स्लॅब पडला तर?"

"पडू दे. बाहर गई तो जागा भी जाएगी."

मला तिचा राग आला, कारण तीच भीती माझ्याही पोटात होती.

आमचं सामान हलवायच्या दिवशी, सकाळी नवरा टेम्पो आणायला गेला होता. मी भांडी गोणीत भरत होते. वर फरशी तडकल्याचा आवाज झाला आणि मग रेती सांडावी तशी बारीक सळसळ, थांबेचना. पंखा बंद होता, तरी हलत होता. तडा भिंतीपर्यंत पोचला होता.

मी जिन्याकडे पळाले. दोन पायऱ्या उतरले, थांबले आणि वर गेले. यात धाडस काही नव्हतं. मला रडू येत होतं.

अम्माचं दार उघडंच होतं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती आणि तिच्या-माझ्यामध्ये हॉलच्या फरश्या मधोमध उचलल्या गेल्या होत्या.

"अम्मा, मधून येऊ नका! भिंतीला धरून या."

ती एक पाऊल टाके, थांबे. तळवा भिंतीवरून सरकत होता. हाताशी आली तसं मी तिला बाहेर ओढलं. तर ती वळली, दार ओढून घेतलं आणि कुलूप लावू लागली.

"कुलूप कशाला आता!" मी किंचाळले. किल्ली फिरेपर्यंत ती हलली नाही.

आम्ही पहिल्या मजल्याच्या वळणावर असताना तो आवाज झाला. जिना धुळीने भरला. अम्माचा हॉल माझ्या हॉलमध्ये आला होता, नेमका भांड्यांच्या गोणीवर. खालची घरं आधीच रिकामी झाली होती, म्हणून कुणाला काही झालं नाही.

आता आम्ही बदलापूरला, बेलवलीत भाड्याने राहतो. नव्या इमारतीत नववा मजला. लिफ्टचं दार आपटलं तरी मी जिन्याकडे धावते. अम्मा अंबरनाथ पश्चिमेला, मुलीकडे. गेल्या महिन्यात तिने हट्टच धरला, म्हणून मी तिला आमच्या पाडलेल्या इमारतीची जागा दाखवायला नेलं. पत्र्यांच्या कुंपणावर बावीस मजल्यांचं रंगीत चित्र होतं. फटीतून आत बघितलं तर खड्डा, हिरवं पाणी आणि गंजलेल्या सळया. माणूस एकही नाही.

अम्मानेही फटीला डोळा लावला. मग म्हणाली, "बेटा, सही करताना तू कागद वाचला होतास ना?"

"हो," मी म्हटलं. मी फक्त शेवटचं पान बघितलं होतं.

रिक्षा मिळेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.