उघड्या डोळ्यांवरची आयशॅडो

मंडळी, सकाळी बदलापूरला एका नवरीचा मेकअप करून आलो, तेव्हापासून कशात मन लागत नाहीये.

मेकअप मला कुणी शिकवला नाही, माझा मी शिकलो. म्हणून ठासून सांगतो, ज्या पापणीची घडी दिसत नाही, तिला डोळे मिटवून आयशॅडो लावायची नाही. डोळा उघडला की सगळा रंग आत गडप होतो. डोळे उघडे, नजर समोर, आणि तपकिरी रंग घडीच्या वर दिसेल इतका चढवायचा.

नवरी नेपाळी घरातली, पण जन्म बदलापूरचा. सासर वांगणीचं. म्हणाली, "काका, डोळे मोठे दिसू द्या हां. साखरपुड्यात आत्तेसासू सगळ्यांसमोर बोलल्या, पोरगी गोड आहे, फक्त डोळे आईवर गेलेत."

आई शेजारीच तिच्या शालूला पिना लावत होती.

मी जीव ओतून काम केलं. डोळे खरंच टपोरे दिसायला लागले. नवरी आरशात बघून हसली. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

ब्रश पुसायला घेतले, तर आई हळूच माझ्यापुढे येऊन बसली.

"भाऊ, मला पण असंच करून द्या. स्टेजवर मी तिच्या बाजूला उभी राहणार ना. लोग मिलाकर देखेंगे."

डोळे उघडे ठेवा म्हटलं, तर त्यात पाणी. रंग धरेना. टिपून टिपून लावला, दोन्ही डोळे अगदी सारखे केले.

तुम्ही असता तर त्या माउलीला नाही म्हणाला असता का?