मिस्किटाबाईंचा हौद

नाही हो, खाण्यातून देता येत नव्हतं. देता आलं असतं तर दिलं नसतं का? गाईंना खनिजं पाण्यातूनच का पाजली हे मला कोणी विचारलेलं नाही, पण विचारतील, म्हणून आधीच सांगून टाकतो. गिरगावातल्या आमच्या गोशाळेत गाय उपाशी कधी नसतेच. देवळातून उतरलेला माणूस सरळ आमच्या दारात. कोणाच्या हातात चपात्या, कोणाच्या हातात लाडू, सणावाराला पुरणपोळ्यांची चळत. दुपारपर्यंत गाई पंगतीतून उठलेल्या पाहुण्यांसारख्या सुस्त. मग आम्ही आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या पेंडीत, पावडर कालवून ठेवली तर खाणार कोण? वरचं वरचं चाटायच्या, पावडर तळाला तशीच. ‘कृपया खायला घालू नये’ असा बोर्ड लावला, तर लोक चपात्या बोर्डाखाली ठेवून जायला लागले.

डॉ. लॉर्ना मिस्किटा पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या म्हणून सत्कार समितीने हे पुस्तक काढलंय. मला म्हणाले, दाजी, तुम्ही गोशाळेचे मुकादम, तुम्ही लिहा, जरा भाषा चांगली ठेवा. भाषा आहे ती अशी आहे.

बाईंची आणि माझी ओळख एका भिंतीपाशी झाली. सरकारी नोकरीतून रिटायर होऊन त्या खोताच्या वाडीत घरी होत्या. आमचे जुने डॉक्टर गावी गेले तेव्हा आमच्या ट्रस्टी शेठनी त्यांना बोलावलं. बाई रबरी बूट घालून आल्या आणि गाईंकडे न बघता भिंतीकडे बघत राहिल्या. गाईचं तोंड पोचतं तिथपर्यंतचा चुना गेलेला, आतल्या विटा उघड्या.

“दाजी, हा चुना कोणी खाल्ला?”

“गाईंनी. पान जमवतायत.”

“मग सुपारी माझ्याकडून,” बाई म्हणाल्या. हसल्या पण नाहीत. “आणखी काय खातात?”

“चपला.”

हे खरं होतं. लोक दाराशी चपला काढतात आणि दाराजवळ चंद्री बांधलेली. पहिलारू गाय, गाभण. चामड्याची चप्पल दिसली की चघळायला घ्यायची. एकदा शेठ एकाच पायात सँडल घालून टॅक्सीत बसलेले मी बघितलेत.

बाईंनी चंद्रीला चालवून बघितलं. मागचे पाय ताठ टाकत होती. “हा शौक नाही, दाजी. हिचं पोट भरलंय, हाडं उपाशी आहेत. फॉस्फरस कमी पडतोय.” आदल्या साली अशाच एका गाईचं वासरू जन्मलं ते उठलंच नाही. मी ते बाईंना सांगितलं. मग म्हणाल्या, “हिचं तसं होऊ द्यायचं नाही. खात नाही तर नाही. पाणी तर पिते ना?”

मला वाटलं, झालं, आता पावडर पाण्यात टाकायची आणि मोकळं व्हायचं. कसलं काय. बाईंनी आधी नुसतं पाणी मोजायला लावलं. कुठली गाय किती पिते, उन्हाच्या दिवशी किती, ढगाळ दिवशी किती. मी वैतागलो. “डॉक्टर, टाका की एकदाचं!”

“उन्हात गाय दुप्पट पिणार, म्हणजे औषध पण दुप्पट जाणार. जास्त झालं तर तेही वाईटच. आधी तहान कळू दे, मग औषध.”

आमच्याकडची जुनी पावडर बादलीत ढवळून दाखवली, तर खाली नुसता चिखल. मग बाईंनी पाण्यात पुरती विरघळणारी दुसरी आणली. ती एका पिंपात कालवायची आणि सलाईनची नळी लावून थेंब थेंब हौदात सोडायची. पहिल्या दिवशी चंद्रीने वास घेतला आणि तोंड फिरवलं. बाईंनी बोट बुडवून चाखलं. “बरोबर आहे तिचं.” डोस निम्मा केला आणि हळूहळू वाढवत नेला. गाईवर कधी ओरडल्या नाहीत. माझ्यावर ओरडल्या, पण ते कामापुरतं.

खरी अडचण हौदाची होती. औषधाच्या पाण्याशेजारी साधं पाणी असलं तर गाय साधंच पिणार. आणि साध्या पाण्याचा संगमरवरी हौद शेठनी स्वतःच्या आईच्या नावाने बांधलेला. तो बंद करा म्हणायची कोणाची छाती? बाईंनी बंद करा म्हटलंच नाही. पिंप त्याच हौदावर बसवलं आणि बाकीचे नळ बंद केले. शेठना म्हणाल्या, “तुमच्या आईंच्या हौदातूनच जाऊ दे.” शेठ खूश.

पण तो हौद दारासमोरच, त्यामुळे आता सगळं लोकांच्या डोळ्यांसमोर आलं. खोताच्या वाडीतली ख्रिश्चन बाई गाईंच्या पाण्यात काहीतरी टाकते, असं कोणीतरी बोललं. देवळाच्या पायरीवर बोललं, तिथून मोबाईलवर गेलं. एका सकाळी दारात माणसं जमली. शेठ घाबरले. “डॉक्टर, थोडे दिवस बंद ठेवूया, लोक शांत होतील.”

“लोक थांबतील, शेठ. चंद्रीच्या पोटातलं थांबणार नाही.”

बाई दारात गेल्या. पुढे एक तरुण होता, आवाज चढलेला. “यात काय आहे?”

“मीठ, फॉस्फरस, थोडं तांबं. तुझ्या आईला हाडांसाठी गोळ्या देतात ना? त्यांच्या नात्यातलंच.”

“मग पिऊन दाखवा.”

बाईंनी हौदातलं पाणी पेल्यात घेतलं आणि सगळ्यांसमोर प्यायल्या. तोंड वाकडं झालं. “खारट आहे. चहा सांगितला असतास तर बरं झालं असतं.”

दाराबाहेर गवत विकणाऱ्या हौसाबाई तिथेच बसलेल्या. त्या पोराला त्या म्हणाल्या, “मेल्या, आता तू पी.” लोक हसले, तो सोडून. बाई हसल्या नाहीत. मापाचा चमचा त्याच्या हातात दिला. “आजपासून मी हात लावत नाही. तू टाक. ज्याला शंका त्याने टाकावं. डोस मात्र मी सांगेन तेवढाच.”

त्या पोराने टाकलं. दुसऱ्या दिवशी परत आला. मग बाकीचे यायला लागले, आणि आपल्या लोकांचं माहीत आहे, एक चमचा टाकून पुण्य, तर दोन टाकून डबल पुण्य. एका काकूंनी नातवाच्या नावाने वेगळा टाकायला घेतला. बाई धावल्या. “आई, थांबा! पुण्य वाढेल, गाय मरेल!” मग चमचा कुलपात गेला. सकाळी एकानेच टाकायचा, बाकीच्यांनी चपातीऐवजी लोटाभर साधं पाणी ओतायचं. ते पाणीही बाईंनी हिशोबात धरलं.

पाय मोकळे व्हायला वेळ लागला, पण चंद्री चालायला लागली. चपला सोडल्या. व्यायली तेव्हा बाई घरून चालत आल्या आणि लांब उभ्या राहिल्या. वासरू धडपडलं, परत धडपडलं, मग चारी पायांवर उभं राहिलं. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “नाळेला आयोडीन लावा, बघत काय बसलात?”

एवढंच नाही. माझ्या मंडळींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं तेव्हा बाई परळला हॉस्पिटलात आमच्याबरोबर आल्या. मी म्हटलं, तुम्ही जनावरांच्या डॉक्टर. म्हणाल्या, “रांगेत उभं राहायला चालते ना?” दिवसभर बसल्या. गोशाळेत कोणी हार आणला तर तो गाईला घालतात, आणि गाय तो खाते. सत्काराला पण बहुतेक तेच होणार.

बाई, तुम्हाला अजून पुष्कळ वर्षं मिळोत. गुडघे धड राहोत, डोळे धड राहोत, आणि आमच्यावर ओरडायला आवाज राहो. देवाकडे, तुमच्या-आमच्या दोन्हीकडच्या, सांगून ठेवलंय.

आता समितीच्या लोकांचं एकच चाललंय, दाजी, देवळाच्या पायरीवर बाईंविरुद्ध पहिल्यांदा बोललं कोण, तेवढं लिहा, लेखाला वजन येईल. मला नाव माहीत आहे. बाईंनाही माहीत आहे. ते माणूस आजही सकाळी येतं, हौदात लोटा ओततं, आणि बाई त्याच्या घरच्यांची चौकशी करतात. बाईंनी मला सांगितलंय, नाव घ्यायचं नाही. मी घेणार नाही. आता ह्याच्यापुढे एक अक्षर लिहिणार नाही.