शिळं पाणी आणि खाडीचा मासा

आमच्या जालन्यात नळ कधी येईल ते देवालाही ठाऊक नसतं, आणि आला की आमच्या यांना दुसरं काही सुचत नाही. आधी घरातलं सगळं शिळं पाणी काढायचं, मग ताजं भरायचं. शिळं फेकायचं मात्र नाही. ते कूलरला, नाहीतर संडासाच्या बादलीत. यात कुणी मधे बोललेलं यांना चालत नाही.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत लेक रत्नागिरीहून काचेच्या पेटीत, खाऱ्या पाण्यासकट एक मासा घेऊन आली. ती तिथं माशांचंच शिकते. खाडीच्या कडेला तिवरांच्या मुळांत, गुडघाभर पाण्यात राहणारा मासा, ती त्याला रॅस म्हणायची. बोटाएवढा, हिरवट, अंगावर ठिपके. घाबरला की वाळूत शिरायचा, रात्री वाळूतच झोपायचा. वर्षभर ती त्याच्या सवयी बघत होती, अभ्यास अजून पुरा व्हायचा होता. मी म्हटलं, "रत्नागिरीहून मासा? येड लागलंय का तुला?" पण खरं सांगते, सकाळी तो वाळूतून डोकं काढायचा तेव्हा चहा गार झाला तरी मी बघत बसायचे.

त्या दिवशी लेक अंबडला मावशीकडं गेली होती. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. खाली आले तर नळ आलेला, आणि हे पाईप गुंडाळून राह्यले होते. माशाची काचेची पेटी काठोकाठ भरलेली. पाणी एकदम नितळ.

"हे काय केलं हो?"

"शिळं झाल्तं पाणी. बिचाऱ्याला ताजं घातलं. पिण्याचं घातलं, वापरायचं न्हाई."

पेटीशेजारी समुद्राच्या पाण्याचा कॅन होता, तोही यांनी धुऊन भरून ठेवलेला. खारं पाणी सगळं कूलरमध्ये. मासा वाकडातिकडा पळाला, काचेवर आपटला आणि वाळूत शिरला.

लेकीला फोन लावला. यांनी काय केलं ते सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मीठ टाकू नका, घरच्या मिठानं जमत न्हाई. कूलर बंद करा, त्यातलं खारं पाणी लागंल. मी निघाले." तोवर हे खडेमीठ आणायला चप्पल घालून दारात पोचले होते. मी म्हटलं, "बसा गपचूप. लई केलं तुम्ही." ते खुर्चीवर बसले, आणि लेकीची बस येईपर्यंत आम्ही दोघं त्या वाळूकडं बघत राहिलो. उकरावं तर घाबरून मरेल, न उकरावं तर आत काय चाललंय कळेना. मला इतका राग आला होता की रडूही येत होतं.

लेक आली ती पिशवी न ठेवताच कूलरपाशी गेली. तळातलं पाणी फडक्यातून गाळलं, पेटीत थोडं थोडं घातलं. पण कूलरमध्ये आधीचं गोडं पाणी होतंच. "खाडीत पावसात पाणी गोडं होतं," ती म्हणाली, "पण हळूहळू. सोसलं तर सकाळी वर येईल." बापाला बाजूला सारून ती पेटीपाशीच बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सकाळी ऊन पेटीवर आलं. आम्ही तिघंही तिथंच. चहा कुणी मागितला नाही. ऊन पेटीवरून सरकून भिंतीवर गेलं तरी वाळू हलली नाही. मग लेकीनं हात आत घातला आणि मासा तळहातावर घेतला, ताठ झालेला. हे म्हणाले, "मी तर चांगलंच पाणी दिल्तं गं."

"माहितंय पप्पा," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

सुट्टी संपली, लेक गेली. नळ अजूनही येतो, हे अजूनही पाणी काढतात. पण आता कुठलंही भांडं ओतायच्या आधी हे त्यात बोट बुडवतात आणि जिभेला लावून बघतात.