बाबा कुणाच्या हातचं जेवले

नामदेव, भावा, मी गाव सोडलं त्या सकाळी मूर्तिजापूरच्या स्टेशनापर्यंत गाडी तूच हाकलीस. बाबा वांग्याच्या वाफ्यात पाणी वळवत होते. त्यांनी मान वर केली नाही. माय तेवढी बांधापर्यंत आली. "तिकडं तुवं कोन हाय वो?" एवढंच म्हणाली.

मी काय सांगणार होते? नवरा गेल्यावर दर्यापूरकडच्या मिशनच्या दवाखान्यात कामाला लागले, तिथंच बाप्तिस्मा घेतला, आणि माहेरच्या घरात माझं पाण्याचं भांडं वेगळं झालं. त्या भांड्याकडे बघत जगणं मला जमेना. मुंबईत नर्सचं काम शिकायला मिळणार होतं, म्हणून निघाले.

मुंबईत आमच्या मजल्यावर गोव्याचे ख्रिस्ती, कोकणातले मुसलमान, तेलंगी विणकर, सगळे दाटीवाटीनं राहायचे. चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेशात सांगत, परक्यावर प्रीती करा. ऐकायला गोड वाटायचं. पण शेजारच्या खोलीतली तेलंगी राजम्मा पहाटेच नळावर भांडायला लागली, की माझी प्रीती आटून जायची. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. एकदा ती बाळंतपणात अडली. सुईण घाबरून निघून गेली. मी दिवसभर तिच्याजवळ बसले आणि बाळ सुखरूप बाहेर काढलं. त्यानंतरही ती नळावर भांडायचीच, फक्त माझी घागर आधी भरून द्यायची.

पुढं बाबांना मोतीबिंदू झाला आणि तू त्यांना माझ्याकडे पोचवून गेलास. ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्टी बांधून ते माझ्याच खोलीत निजून असत. पण माझ्या हातचं खायला तयार नव्हते. "धर्म बदलला तुनं. मी काहून बाटू?" राजम्मा हिंदू, म्हणून तिच्या हातचा भात त्यांना चालला. तिला भाकर येत नव्हती. बाबा त्या चिंचेच्या आमटीला नाक मुरडत आणि जेवत. मी दारात उभी राहून बघायची. परकी बाई माझ्या बापाला भरवत होती, त्याचा आनंद मानावा की रडावं, ते मला कळत नव्हतं. मी उगाच जिना चढायची, उतरायची.

एक दिवस राजम्मा तापानं पडली. मी ज्वारीची भाकर थापली, अंबाडीची भाजी केली आणि ताट घेऊन बाबांजवळ बसले.

"कोन हाय?" बाबांनी विचारलं.

गप्प राहिले असते तर त्यांनी खाल्लंही असतं. पण माझ्यानं तसं होईना. "मीच हाय बाबा. राजम्माले ताप आला."

बाबांनी ताटाकडे तोंड वळवून वास घेतला. मग त्यांनी हात पुढं केला. "अंबाडी हाय ना? वासानंच समजलं. दे, भाकर कुस्करून दे."

पट्टी सुटेपर्यंत ते माझ्याच हातचं जेवले. निघताना मीच म्हटलं, "गावात सांगू नका." ते जिना उतरून गेले.

पुढचं तू मला ऐकवलंसच. पंचांनी विचारल्यावर बाबांनी सरळ सांगितलं, "लेकीच्या हातची भाकर खाल्ली." त्यांना जातीबाहेर टाकलं, तुझ्या लेकीची सोयरीक मोडली. बाबांच्या शेवटपर्यंत आपल्या अंगणात पंगत बसली नाही. तू माझ्यावर चिडलास, ते खोटं नाही. बाबा एक शब्द खोटं बोलले असते तर तुझं सगळं सुरळीत झालं असतं, हे माझ्याही मनात येतं. आणि लगेच वाटतं, बरं झालं नाही बोलले. या दोन्हींच्या मधे मला अजून धड बसता येत नाही.

तू मला विचारतोस, तुझं घर कुठं. गावात माझ्यासाठी दार नाही, आणि या शहरात कायमचं असं काहीच नाही. चार माणसांत मान खाली न घालता बाबांनी मला लेक म्हटलं, तेवढीच जागा माझी. तिथं तुझं नुकसान झालं, नामदेव, आणि तिथंच माझं घर आहे.