मी वेडी म्हणून लिहिलेली मुलगी

घाटावर दुष्काळ पडला त्या वर्षी नगरकडची माणसं कसाऱ्याचा घाट उतरून कल्याणात आली आणि स्टेशनापलीकडच्या माळावर पालं ठोकून राहिली. दिवसभर रेल्वेच्या कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी तीन दगडांच्या चुलीवर मिळेल ते शिजवायचं. मी तेव्हा दवाखान्यात कारकून होतो. वय बावीस, अक्षर वळणदार, आणि त्या अक्षराचा माज भारी.

आमचे डॉक्टर जरा वेगळेच होते. ताप-जुलाब सगळेच बघतात, ते म्हणत. पण पोटात चार घास पडू लागले तरी माळावरची तरणी पोरं दिवसदिवस गुडघ्यांत मान घालून का बसतात, हे कोणी बघत नाही. गाव सुटलं की मनाचं काय होतं, हे त्यांना शोधून काढायचं होतं. कागदावर त्यांनी स्वतः रकाने आखले : वय, गाव, येऊन किती दिवस, झोप, भूक, बोलणं. प्रत्येक पालाशी जाऊन बस आणि घाई न करता विचार, असं मला दोनदा बजावलं.

मी एकाही पालाशी गेलो नाही. खोटं कशाला सांगू, मला विटाळाची भीती होती. त्या लोकांत बसून आलो असतो तर घरी अंगावरच्या कपड्यांसकट अंघोळ करावी लागली असती. म्हणून मी माळाच्या कडेला चिंचेखाली बसलो आणि मुकादमाला बोलावून घेतलं. तो एकेका पालाकडे बोट दाखवून सांगायचा, मी लिहायचो. एका सकाळी चाळीस माणसांची मनं लिहून मी जेवायला घरी गेलो.

त्यात एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी होती. मुकादम म्हणाला, ‘‘ती येडी हाय. आल्यापासनं तोंडातनं सबूद न्हाई. एकदाच खाती, आन् सकाळ झाली की घाटाकडं बघून हात जोडती.’’ मी मान वर करून पाहिलं. लांबवर एक पाठमोरी आकृती दिसली. मी रकान्यात ‘चित्तभ्रम’ असा झोकदार शब्द लिहिला.

डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं आणि तीन वेळा नाव विचारलं. तिने हात जोडले, नकारार्थी मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘‘आल्यापासून अशीच आहे, साहेब.’’ जणू मी तिच्या शेजारीच राहत होतो! दुसऱ्या दिवशी शिपायाबरोबर तिची रवानगी मुंबईला वेड्यांच्या इस्पितळात झाली. तिची आई तेव्हा रुळांच्या पलीकडे खडी फोडत होती.

संध्याकाळी ती बाई दवाखान्याच्या पायरीखाली येऊन उभी राहिली. रडत नव्हती. ‘‘माझी लेक येडी न्हाई वो, दादा. तिचा बा बैलं घिऊन मागं ऱ्हायला. त्याचं तोंड दिसंस्तवर बोलायची न्हाई, आन् एकदाच जेवंल, असं देवीला बोललीया ती. येका शबदानं जरी बोलली, तर बा यायचा न्हाई, असं तिच्या मनानं घेतलंय.’’

चातुर्मास चालू होता, आणि आमच्या घरी माझ्या आईने मौन धरलं होतं. तिला मीठ हवं असलं की ती दोन बोटं चोळून दाखवी आणि आम्ही धावत जाऊन आणत होतो. शेजारपाजारचे तिच्या पाया पडून जात. खडी फोडणारीच्या मुलीलाही व्रत असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजही त्या गोष्टीची लाज वाटते.

मी आत जाऊन डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी ताबडतोब चिठ्ठी लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने त्या बाईला घेऊन मी मुंबई गाठली. तिथल्या डॉक्टरांनी हसतमुखाने स्वागत केलं. ‘‘बरं झालं आलात. काल डोक्यावर गार पाण्याची धार धरली, तशी बोलली की पोर! गुण आला. घेऊन जा.’’

मुलीला बाहेर आणलं. केस ओले, नजर जमिनीवर. आईने विचारलं, ‘‘काय बोललीस गं?’’

‘‘बा म्हनून वरडले,’’ ती म्हणाली. तेवढं ऐकून आई मटकन खाली बसली.

परत आल्यावर मुलीने जेवण टाकलं; आई बळेच भरवी तेवढेच दोन घास पोटात जात. मी आता रोज पालाशी जाऊन बसू लागलो. अंघोळीचं काय होईल ते होवो. डॉक्टर औषध देत, ती तोंडात धरून थुंके. घाटाकडे ती आता बघतही नव्हती. ज्या दुखण्याचा शोध डॉक्टर घेत होते, ते त्या पोरीला मी माझ्या हाताने लावलं होतं.

महिन्याभराने तिच्या गावचा एक माणूस खडवलीला रुळांच्या कामावर भेटला. मी मुद्दाम चौकशी करत गेलो होतो. त्याने सांगितलं, बाप इगतपुरीच्या अलीकडे पटकीने गेला होता, अमावास्येला. मी बोटं मोजली. मी तिच्या रकान्यात ‘चित्तभ्रम’ लिहिलं, त्याच्या आठ दिवस आधी. म्हणजे ती तोंड मिटून होती तेव्हाच तो गेलेला होता. त्या बातमीने मला आनंद झाला, हे लिहायला नको वाटतं. पण झाला खरा. निदान हा भार तरी तिच्यावरून उतरेल, असं वाटलं.

मी पळतच माळावर गेलो. आईला बाजूला घेऊन आधी सांगितलं, मग दोघं मुलीपाशी बसलो. तिथी सांगितली, दिवस पुन्हा मोजून दाखवले. ‘‘तू ओरडलीस म्हणून नाही गं. तो त्याच्या आधीच गेला होता. तुझा काही दोष नाही.’’

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

‘‘तुमी लिवनारं मानूस,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी काय बी लिवता.’’