मामेसासऱ्यांची चाल

आमच्या मामेसासऱ्यांइतकी माणसं एका देहात वागवणारा इसम अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. बायकोचे हे मामा काष्टी गावचे. कुणाचाही कपडा अंगावर चढवला की ते हुबेहूब त्या माणसासारखे चालू लागत. एकदा भर बाजारात त्यांनी सरपंचांचा कोट घातला, तर सरपंचांचा कुत्रा शेपूट हलवत मामांच्या मागे निघाला आणि सरपंच हाका मारत राहिले. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत ते माझा शर्ट घालून दारातून बाहेर पडले. बायकोने पाठमोरं पाहून सांगितलं, "अहो, येताना दूध आणा!" त्यांनी आणलंही. वर म्हणाले, "मानूस कापडात ऱ्हातो. आपन फकस्त आत शिरायचं."

आमची लेक पुण्यात अंगावर घालायची यंत्रं बनवते. यंदाच्या दिवाळीत तिने एक घट्ट काळा पोशाख आणला. त्याच्या शिवणींत सेन्सर होते. तो घालून चाललं की लॅपटॉपवर ठिपक्यांची एक आकृती तश्शी चाले. तिला ना चेहरा, ना कपडे. पण चाल ओळखून खाली माणसाचं नाव उमटे. घरातल्या सगळ्यांची चाल तिने आधीच नोंदवली होती. दिवाळीला आलेल्या मामांनी तो पोशाख घातला आणि त्यावर माझा शर्ट चढवला. माझं नाव आलं. बायकोची शाल घेतली, बायकोचं आलं. आम्ही हसून बेजार.

लेक वैतागली. "आजोबा, आता तुमची स्वतःची चाल चाला बरं."

"माझी?" मामा थबकले. "मंग घालू काय?"

"काहीच नको. नुसतं चाला."

बराच वेळ ते तसेच उभे राहिले, मग निघाले. पडद्यावरची आकृती दुडूदुडू पावलं टाकू लागली. तिचा उजवा हात वर गेला होता, कुणा उंच माणसाचं बोट धरावं तसा. खाली अक्षरं उमटली : अनोळखी. आम्ही वळून पाहिलं. मामांचा हात खरोखरच वर होता.

"कुणाचं बोट धरलंय, आजोबा?" लेकीचा आवाज बारीक झाला.

मामा स्वतःच्या हाताकडे परक्यासारखे पाहत राहिले. "धरलंय व्हय? मला तर लहानपनी कुनी धरून चालवलंच न्हाई, बाई. लोकांचं बघून बघून शिकलो म्या."

संध्याकाळी मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. रस्ता ओलांडताना त्यांचा हात पुन्हा हळूच वर आला. मी माझं बोट पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. त्यांची मूठ आधीच कशावर तरी मिटलेली होती, आणि ते अगदी निर्धास्तपणे, वर बघत, रस्ता ओलांडून गेले.